लायब्ररीच्या पॅकेजचे नाव ठरवताना
परवा वाशीला भेटलो तेव्हा तुम्ही डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी बांधलेल्या लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या) पॅकेजच्या नावात मूळ प्रकल्पाची आवृत्ती घातलेली दिसली, ती काढावी. नाव ठरते ते लायब्ररीच्या फाइलीत नोंदलेल्या सोनेमवरून (SONAME, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीला ज्या आकड्यासह नावाने शोधतात ते), आणि तो ऑब्जडम्प या फाइल तपासणाऱ्या आज्ञेच्या पी पर्यायाने (objdump -p) दिसतो. कर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) आवृत्ती 7 वरून 8 वर गेले, तरी सोनेममधला 4 कायम राहिल्याने पॅकेजच्या नावातलाही 4 हलला नाही. सोनेम बदलला की मात्र नाव बदलावेच लागते, कारण जुन्या लायब्ररीवर विसंबलेले प्रोग्राम चालू राहावेत म्हणून दोन्ही पॅकेजे एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदावी लागतात. हेडर फाइली आणि लायब्ररीकडे नेणारा, नावात आकडा नसलेला दुवा वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये (नवे प्रोग्राम बांधणाऱ्यांसाठीच्या) ठेवा, नाहीतर तीच दोन पॅकेजे एकाच फाइलीवर हक्क सांगून भांडतील. (2024 मध्ये काही पॅकेजांच्या नावांना जोडलेल्या टी64 (t64) शेपटाची नक्कल मात्र करू नका, ती वेळ 64 बिटांत साठवता यावी म्हणून केलेली खास सोय होती.)