‘सहाव्या महिन्यापासून’ की ‘सातवा लागल्यावर’?

एका अंगणवाडी सेविकाताईंनी विचारलंय: मातांच्या बैठकीसाठी फलक लिहायचा आहे. ‘बाळाला सहाव्या महिन्यापासून पूरक आहार द्या’ असं लिहिलं तर चालेल का? ‘सहा महिन्यांनंतर’ म्हणजेही तेच ना?

ताई, तेच नाही. दोन्हींत महिन्याचा फरक पडतो. १० जानेवारीला जन्मलेल्या बाळाला १० जूनला पाच महिने पुरे होऊन सहावा लागतो. सहा महिने भरतात ते १० जुलैला. जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं सरकार, दोघांचंही सांगणं आहे की पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. गरोदरपणात ‘सातवा चाललाय’ असं मोजणाऱ्या बायका तुमचा फलक वाचून जूनमध्येच पेज सुरू करतील, आणि त्यांनी तो बरोबरच वाचलेला असेल. उष्टावणाचंही बोला. पुष्कळ घरांत मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करतात. मामाने खीर चाटवण्याचा मुहूर्त वेगळा आणि रोजचं खाणं वेगळं, हे स्पष्ट सांगायला हवं.

‘सहा महिन्यांनंतर’ चूक नाही, पण सैल आहे. आठवा-नववा महिनाही ‘नंतर’च येतो, आणि तोवर बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा सरत आलेला असतो. नुसत्या दुधाने ती तूट भरत नाही. ‘सातवा लागला की’ यात घाईही नाही, उशीरही नाही.

‘पूरक आहार’ मी काढूनच टाकेन. अंगणवाडीत ‘पूरक पोषण आहार’ म्हटलं की योजनेतून मिळणारा आहार डोळ्यांपुढे येतो, घरच्या ताटातलं अन्न नाही. बायकांच्या तोंडी ‘वरचं खाणं’ आहे, तेच लिहा. नुसतं ‘वरचं’ नको, त्यात गाई-म्हशीचं वरचं दूधही येतं.

म्हणजे ओळ अशी: ‘बाळाला सातवा महिना लागला की अंगावरच्या दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करा.’ यातलं ‘बरोबर’ गाळू नका. दूध तोडायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजायचं आहे. आणि पदार्थांत ‘डाळीचं पाणी’ कृपया नको, मग खरोखर पाणीच दिलं जातं. ‘घोटलेला वरणभात, खिमट, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट’ असं लिहा.