अनारशाचं पीठ चाळणीत का अडकतं? चाळण्या-गाळण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी तोंडावर आली की चाळणी दिवसभर हातात असते. बारीक जाळीच्या चाळण्या आणि गाळण्या यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. अनारशांच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे चाळताना चूक झाली तर पुढे दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही.

अनारशाचे तांदूळ वाटून मैद्याच्या चाळणीने चाळते, पण दोन मुठी पीठ पडलं की जाळी बुजते. हाताने घासून पाडलं तर अनारशात कणी लागते. काय चुकतं?
– एक वाचक, सातारा

चाळणी बरोबर आहे. तांदूळ ओले राहिले आहेत. तीन दिवस भिजवलेले (रोज पाणी बदलून) तांदूळ चौथ्या दिवशी उपसले की ते चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि मग सुती पंचावर सावलीत पसरा. किती वेळ, ते हवेवर अवलंबून आहे. कोरड्या हवेत अर्धा तास पुरतो, दमट हवेत तासभर लागतो. घड्याळापेक्षा हाताची परीक्षा खरी. मूठभर तांदूळ दाबून मूठ उघडा. तळहात गार, किंचित ओलसर लागला पाहिजे, पण तळव्याला दाणे चिकटून राहता कामा नयेत. चिकटले तर आणखी दहा मिनिटं थांबा. अगदी खडखडीत वाळवूनही चालत नाही, कारण याच ओलीवर पीठ गुळाला धरतं.

मिक्सरचं भांडं एक तृतीयांशच भरा आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, पिठाला घाम सुटतो आणि त्याच्या गोळ्या होतात. चाळणीत एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त पीठ नको. ओलसर पिठाचे कण पाण्याच्या पातळ थराने एकमेकांना आणि तारेला धरून बसतात, म्हणून वर ढीग असला की खालची भोकं लगेच बंद होतात. चाळणी परातीवर धरून तिच्या कडेवर दुसऱ्या हाताने हलक्या टपल्या मारा. तळव्याने घासू नका. घासल्यावर दोन गोष्टी होतात: पिठाच्या चपट्या पापड्या बनून जाळीत रुततात, आणि जी भरड वर राहायला हवी ती जोराने खाली उतरते. तुमच्या अनारशातली कणी इथूनच येते. दर तीन-चार घाण्यांनंतर चाळणी पालथी करून आपटा आणि कोरड्या ब्रशने उलट बाजूने झाडा. पाणी लावू नका, नाहीतर ती पुन्हा वाळेपर्यंत काम थांबेल.

वर उरलेली भरड पुन्हा मिक्सरला लावा. शेवटी मूठभर उरतेच. तिच्यामागे लागू नका, ती घावनाच्या पिठात घाला.

आणखी एक सांगतो. १ किलो पिठाला साधारण पाऊण किलो किसलेला गूळ लागतो, पण सगळं पीठ गुळात मिसळू नका. चाळलेलं एक वाटी पीठ वाळवून बाजूला ठेवा. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे कढईत पसरून फुटतो. अशा वेळी हे राखलेलं पीठ चमचा चमचा मिसळून एक-एक अनारसा तळून पाहता येतो. इथे बाजारची जाडसर पिठी घातली तर सगळी मेहनत वाया जाते.

दुकानात रव्याची, कणकेची, मैद्याची अशा नावांनी चाळण्या मिळतात, पण दोन दुकानांतली मैद्याची चाळणी सारखी नसते. नेमकी कशी ओळखायची?
– एक वाचक, नागपूर

नावावर जाऊ नका, भोकं मोजा. जाळीचा आकडा म्हणजे मेश, म्हणजेच एका इंचात ओळीने किती भोकं आहेत ते. २० मेशचं भोक साधारण ०.८५ मिलिमीटर, ४० मेशचं ०.४ च्या आसपास, ६० चं पाव मिलिमीटर आणि १०० चं ०.१५ असतं. तार जाड असेल तर त्याच आकड्याला भोक आणखी लहान होतं.

मोबाइलमधून जाळीचा जवळून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, फोटो मोठा करून एका सेंटिमीटरमधली भोकं मोजा आणि अडीचने गुणा. १६ भोकं आली तर ती ४० मेशची. रोजच्या कणकेला २० ते ३०, बेसन, मैदा आणि मोदकाच्या पिठीला ४० ते ६० पुरते. १०० मेश म्हणजे जवळजवळ वस्त्रगाळच. सुंठ किंवा वेलची-जायफळाच्या पुडीला ती छान, पण तिच्यातून किलोभर पीठ चाळायला बसलात तर दुपार जाईल.

घेताना जाळी अंगठ्याने मधोमध दाबून पाहा. ती लगेच ताठ झाली पाहिजे. मग उजेडासमोर धरा: कुठे तारा सरकून भोक लांबट झालं असेल, तर भरड तिथूनच पडणार.

पुरणपोळीसाठी कणीक बारीक चाळणीने चाळावी म्हणतात. कोंडा गेला तर सत्त्व जातं ना?
– एक वाचक, पुणे

जातं, म्हणून रोजच्या पोळीची कणीक जाड चाळणीनेच चाळावी. काडीकचरा आणि किडे निघाले की काम झालं. पुरणपोळीचं गणित वेगळं आहे. तिथे कणकेची पारी पुरणावर कागदासारखी ताणली जाते आणि कोंड्याचा प्रत्येक टोकदार तुकडा त्या पारीला भोक पाडतो. ४० मेशमधून चाळलेली कणीक सैल भिजवून तेलात दोन तास मुरवली की ती चांगली ताणते. निघालेला कोंडा थालीपिठात घाला. आणि पुरणही तितकंच बारीक हवं. न शिजलेली एखादी डाळ राहिली तरी पोळी तिथेच फुटते. पुरण गरम असतानाच यंत्रातून काढा. गार झालं की गूळ आळतो, हात दुखतो आणि पुरण तुकड्या-तुकड्यांनी पडतं.

श्रीखंड चाळणीतून काढलं तरी गुठळ्या राहतात. मिक्सरमध्ये फिरवलं तर पातळ झालं.
– एक वाचक, इंदूर

मिक्सर नकोच. पात्याने चक्क्याची घट्ट घडी मोडते, त्यात धरलेलं पाणी सुटतं आणि ते परत आत जात नाही. अर्धा किलो चक्क्यात ४०० ग्रॅम साखर कालवा आणि झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा. ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते आणि गुठळ्या राहतात त्या यामुळेच. साखर विरघळताना चक्का आतून सैल होतो, मग तो जाळीतून सहज उतरतो. २० मेशची स्टीलची चाळणी किंवा पुरणयंत्राची सर्वांत बारीक चकती घ्या. मैद्याची चाळणी इथे उगाच छळते. एका वेळी तीन-चार डाव चक्का घालून वाटीच्या बुडाने गोल गोल दाबा आणि जाळीच्या खालच्या बाजूला साठलेला थर उलथन्याने निपटून घ्या. सर्वांत मऊ श्रीखंड तेच. केशर, वेलची, चारोळी मागाहून.

जुनी पितळी चाळणी असेल तर ती याला वापरू नका. आंबट लागलं की पदार्थ कळकतो. चिंचेचा कोळ आणि टोमॅटोचं सार यांनाही हेच लागू.

सोलकढी गाळली तरी जिभेला चोथा लागतो.
– एक वाचक, मडगाव

खोबरं फार वेळ वाटलं जातंय. मिक्सर दोन-तीन मिनिटं चालला की चोथा इतका बारीक होतो की तो कुठल्याही गाळणीतून उतरतो. एका नारळाच्या चवाला बोट सोसेल इतकं गरम पाणी एक फुलपात्र घाला, थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवा आणि आधी साध्या गाळणीतून हाताने पिळून काढा. मग तेच दूध बारीक जाळीतून, न दाबता, आपोआप गळू द्या. दाबायचं पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी नाही. उरलेल्या चोथ्याचं दुसरं दूधही असंच काढा. आगळ शेवटी.

भगर धुताना निम्मी पाण्याबरोबर जाते.
– एक वाचक, अमरावती

बारीक जाळीच्या स्टीलच्या गाळणीत घेऊन गाळणी पाण्याच्या पातेल्यात अर्धी बुडवा, बोटांनी ढवळा, उचला, पाणी बदला. असं तीनदा. राजगिरा आणि खसखसही अशीच धुवावी.

तूप गाळताना तडतडून उडतं. गाळणी तर स्वच्छ होती.
– एक वाचक, कोल्हापूर

स्वच्छ होती, पण कोरडी नव्हती. जाळीच्या भोकांत पाणी पडद्यासारखं अडकून राहतं आणि फडक्याने पुसून ते निघत नाही. कढत तूप त्यावर पडलं की पाण्याची एकदम वाफ होते. गाळणी उन्हात वाळवा किंवा आधी गरम तव्याजवळ धरा. तूपही कढईतून थेट ओतू नका, दहा मिनिटं निवू द्या. प्लॅस्टिकची कड असलेली चहाची गाळणी इथे अजिबात नको. पाणी उतरलं तर तूप लवकर खवट होतं, तो तोटा वेगळा.

गाळणी बुजली की गॅसवर धरून जाळते. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ठाणे

भोकं मोकळी होतात, म्हणून ही सवय सुटत नाही, पण कृपया थांबवा. बारीक तार आचेवर लाल झाली की तिच्यावर काळा थर धरतो, ती ठिसूळ होते आणि कडेपाशी सुटू लागते. त्याऐवजी अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून गाळणी त्यात पाच-सात मिनिटं उकळा, मग जुन्या टूथब्रशने उलट बाजूने घासा. चहाचा तांबूस थर याने निघतो. पांढरा, खरखरीत थर असेल तर तो पाण्याच्या क्षारांचा; त्याला सोडा चालत नाही, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावी लागते. पीठ, दूध किंवा अंडं गाळलं असेल तर आधी गार पाणीच घ्या. गरम पाण्याने ते जाळीतच शिजून घट्ट बसतं. तारेची घासणी वापरू नका.

कोरड्या पिठाची चाळणी रोज धुवायची गरज नाही. आपटून, ब्रशने झाडून टांगा. धुतलीच तर पूर्ण वाळल्याशिवाय पिठाला लावू नका. आणि कडेची एक जरी तार सुटलेली दिसली, तर ती चाळणी त्याच दिवशी स्वयंपाकातून काढा. तुटलेला तुकडा केसाइतका बारीक असतो, पिठात पडला की दिसत नाही. अशी चाळणी कुंडीची माती चाळायला ठेवा.