पाठीवरच्या पट्ट्यावरून लांडगा कोळ्याची जात ठरवू नका

आरेतील गवतात सापडलेल्या लांडगा कोळ्याचे वरून काढलेले तीन फोटो देऊन, शिरोवक्षावरील (डोके व छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरील) मधल्या फिकट पट्ट्यावरून त्याची जात कोणती, असे आपण विचारले आहे. याच पट्ट्यावर विसंबून माझे दोन पावसाळे वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते. डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ आपण ओळखलेलेच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

असा पट्टा लांडगा कोळ्यांच्या पार्डोसा या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) अनेक जातींत असतो आणि तो वय, लिंग व झिजलेले केस यांनुसार बदलतो. मी आमच्या वसाहतीमागील माळावरच्या कोळ्यांचे असेच फोटो काढून एका कार्यालयाकडे ओळख पटवण्यासाठी पाठवले होते. चार महिने उत्तर आले नाही. मी स्वतः तीनदा जाऊन आल्यावर केवळ फोटो पाहून चार जातींची नावे लिहून मिळाली. कोळी प्रौढ आहे का, खालच्या बाजूचा फोटो आहे का, हे कोणीही विचारले नाही. त्या नावांवर भिस्त ठेवून मी यादी केली. पुढे एका अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा बहुतेक कोळी अप्रौढ असल्याचे दिसले आणि सगळी नावे काढून टाकावी लागली. नावे देता येत नाहीत, असे त्या कार्यालयाने स्पष्ट कळवले असते, तर निदान दुसरा पावसाळा वाचला असता. ही खंत अजून गेलेली नाही.

मी प्राणिशास्त्राची पदवीधर नाही, तरीही माझे ठाम मत आहे की जननेंद्रिये पाहिल्याशिवाय जातीचे नाव लिहूच नये. मादीच्या उदराखालची जननपट्टिका आणि नराच्या स्पर्शपादांची (तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांची) फुगीर टोके शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. टिकादर आणि मल्होत्रा या अभ्यासकांच्या लांडगा कोळ्यांवरील १९८० सालच्या खंडात भारतीय जातींच्या या अवयवांची रेखाचित्रे आहेत. जुळवणी त्यांच्याशी करावी. त्यानंतर नावांत बदल झालेले असल्यामुळे सध्याचे नाव विश्व कोळी सूचीत (World Spider Catalog, जगभरातील कोळ्यांच्या नावांची ऑनलाइन यादी) पडताळून घ्यावे.

कोळी काचेच्या लहान डबीत अलगद घेऊन खालून फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि त्याला त्याच जागी सोडावे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय कोळी पकडू नये. रात्री शोधताना विजेरी कपाळाजवळ धरली की त्यांचे डोळे चमकतात. दवबिंदूही चमकतात, पण जवळ गेल्यावर फरक कळतो. गवतात नरसाळ्यासारखे जाळे आणि त्यात कोळी दिसला, तर हिप्पासा प्रजातीचा विचार करावा, कारण लांडगा कोळी जाळे विणतच नाहीत, हा समज खरा नाही.

आपल्या फोटोंवरून मी फक्त ‘बहुधा पार्डोसा’ एवढेच लिहीन, आणि तेही खालचा फोटो येईपर्यंतच.