कर्नल कंपाइल होत नाही? शेवटची ओळ सोडा, वर बघा

प्रश्न : उबुंटू २४.०४ या लिनक्सवर कर्नल डॉट ऑर्गवरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करतोय, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करतोय. चालू कर्नलची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल /बूटमधून घेतली. ‘मेक -जे८’ (कंपाइल करायची कमांड) दर वेळी ‘एरर २’ दाखवून थांबतं. मध्येच ‘ओपनएसएसएल/बायो डॉट एच’ सापडत नाही असंही दिसतं. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) तर मशीनवर आहे!

उत्तर : ‘एरर २’ ही फक्त वर्दी, खरी चूक बरीच वर असते. -जे८ मुळे आठ कामं एकदम चालतात, त्यातलं एक कोसळलं तरी बाकीच्यांच्या ओळी येतच राहतात. म्हणून -जे न लावता नुसतं ‘मेक’ पुन्हा चालवा. झालेलं काम परत होत नाही आणि चूक तळाशीच सापडते.

ओपनएसएसएल आहे, पण ते चालवण्यापुरतं. कंपाइल करायला हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात, ज्याच्या नावाअखेर ‘-डेव्ह’ असतं. इथे हवं लिबएसएसएल-डेव्ह. ‘जीएल्फ डॉट एच’ नसेल तर लिबएल्फ-डेव्ह, मेन्यूकॉन्फिग (सेटिंग्ज निवडायचा मेन्यू) उघडत नसेल तर लिबएनकर्सेस-डेव्ह. ‘फ्लेक्स: नॉट फाउंड’ आलं तर मात्र तो प्रोग्रॅमच नाही, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि बिल्ड-इसेन्शियल एकदमच टाका. सोबत ड्वार्व्ह्जही घ्या, त्यात पाहोल येतं, डिबग माहितीतून बीटीएफ (कर्नलमधल्या डेटाच्या रचनेची माहिती) बनवणारं. ते नसेल तर काही आवृत्त्या अगदी शेवटी, व्हीएमलिनक्स (कर्नलची अखेरची फाइल) जोडताना अडतात, तर काहींत बीटीएफ गुपचूप बंद होतं.

एवढं करूनही ‘डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम’ बनवायचा नियम नाही, अशी तक्रार येईल. ती फाइल एपीटीत (पॅकेजं बसवायच्या साधनात) शोधू नका, हे पॅकेजचं प्रकरणच नाही. उबुंटूच्या स्वतःच्या सोर्समध्ये ती असते, कर्नल डॉट ऑर्गच्या सोर्समध्ये नसते. तुम्ही उचललेल्या कॉन्फिगमध्ये तिचा पत्ता तेवढा राहिलाय. सोर्सच्या डिरेक्टरीत ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""’ चालवा, मग सिस्टम_रिव्होकेशन_कीजसाठी तेच, आणि शेवटी ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’. डिबग माहिती (चुका शोधायला कर्नलसोबत ठेवलेली जादा माहिती) चालू असेल तर डिस्कवर २० जीबीहून जास्त जागा मोकळी ठेवा.

प्रश्न : कर्नल बसला, पण बूट होताना ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’ येऊन पॅनिक होतो, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो.

उत्तर : बहुतेक वेळा इनिटरामएफएस (बूट होताना आधी मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टम) तयारच झालेला नसतो किंवा अर्धवट असतो. ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूतून जुना कर्नल सुरू करा (म्हणूनच तो काढायचा नसतो) आणि ‘डीएफ -एच /बूट’ चालवून तिथे किती जागा उरलीय ते बघा. डिबग माहितीसकट मोड्यूल्स (कर्नलचे वेगळे लोड होणारे भाग) बसवले की इनिटरामएफएस फुगतो आणि छोटं /बूट भरून जातं. जागा करा, ‘मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मोड्यूल्स_इन्स्टॉल’ सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) पुन्हा चालवा, नंतर ‘अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’ पुढे नव्या कर्नलची आवृत्ती. ती नेमकी /लिब/मोड्यूल्समधल्या डिरेक्टरीच्या नावाबरहुकूम लिहा.