मालकही सरकार, मंजुरी देणारंही सरकार

प्रश्न : माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, आता आम्ही कोथरूडला असतो. तिथल्या बारसूच्या रिफायनरीविरोधात पुण्यात निदर्शनं असली की लेक जाते, ‘सरकार आणि कंपन्यांचं साटंलोटं आहे’ अशा घोषणा देते. हे तिला म्हणतात, ‘कंपन्या सरकारीच, मग साटंलोटं कसलं? आणि इथे घोषणा देऊन कोकणात काय फरक पडणार?’ काय सांगू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, कंपन्या सरकारी आहेत हेच तर दुखणं आहे. २०१७ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमने मिळून रत्नागिरी रिफायनरीची कंपनी काढली. पुढल्या वर्षी सौदी आरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक यांच्याशी भागीदारीचे करार झाले. प्रकल्प केंद्राच्या कंपन्यांचा, पर्यावरण मंजुरी केंद्राच्याच मंत्रालयाची, जमीन घ्यायची राज्याने आणि बंदोबस्तही राज्याचाच. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी भर उन्हात बायका बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आडव्या झाल्या. त्यांनी दाद कोणाकडे मागायची? खासगी कंपनी असती, तर सरकारने मध्ये पडावं असं म्हणता तरी आलं असतं.

घोषणांनी फरक पडतो. हाच प्रकल्प आधी नाणारला होता. लोकांनी रेटून धरलं आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली.

पुण्याचं म्हणाल, तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ इथेच आहे. मी तिथे वकिली करते. कोकणातली माणसं रात्रीच्या एसटीने स्वारगेटला उतरून येतात. पिशवीत सातबारा, ग्रामसभेचा ठराव, पेपरातली कात्रणं, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. आणि मंजुरीला आव्हान द्यायची मुदत उलटून गेलेली असते. ती ३० दिवसांची. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. त्यापुढे काही करता येत नाही. फार जीव तुटतो अशा वेळी.

लेकीला जाऊ द्या. शिवाय तिला एक काम सांगा. मंजुरीआधीची जनसुनावणी जाहीर झाली की किमान ३० दिवस मिळतात आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावा लागतो. तो मिळवून माहेरच्यांना फोनवर वाचून दाखवायचा आणि हरकती लेखी द्यायच्या, पोच घेऊन. तोंडी बोलणं इतिवृत्तात कसं उतरेल याचा भरवसा नसतो. माहेरच्या जमिनीत तुमचं नाव असेल तर तुम्हीही हरकत द्या. बारसूची कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, हा मुद्दा तीत असू द्या.