क्रीटच्या डोंगरातलं बिनदांड्याचं फूल

प्रश्न: मे महिन्यात ग्रीसच्या क्रीट बेटावर लेफ्का ओरी डोंगरात ट्रेक केला. दगडांमध्ये एक गुलाबी-जांभळं फूल दिसलं, दांडा नाहीच, पानांच्या मधोमध थेट जमिनीला टेकलेलं. ग्रुपमधले म्हणाले थिसल (काटेरी पानांचं रानटी झाड) आहे, आणि दांडा शेळ्यांनी खाल्ला असेल. खरंय का?

उत्तर: वर्णनावरून ही सेंटॉरिया राफानिना वाटते, म्हणजे नॅपवीड नावाच्या रानफुलांच्या गटातली तिकडची एक जात, अगदी ग्रीसचीच. आणि दांडा कोणी खाल्लेला नाही हो, तो मुळातच नसतो! तिथल्या डोंगरात वारा भन्नाट आणि शेळ्यामेंढ्या हजारो वर्षांपासून चरतायत, अशा ठिकाणी फूल उंच काढून मिरवण्यापेक्षा जमिनीला धरून बसणं परवडतं. पानं मुळ्याच्या पानांसारखी कातरलेली असतात, त्यांना काटे नसतात, आणि थिसलपेक्षा वेगळी ओळखू येते ती इथेच. थिसलची पानंच काटेरी असतात, हिचे काटे फक्त फुलाखालच्या खवल्यांना. करडईचं बोंड जवळून बघितलं असेल तर ठेवण लगेच लक्षात येईल, दोघी एकाच कुळातल्या, नातंही बरंच जवळचं. कोवळी पानं ग्रीसमध्ये लोक रानभाजी म्हणून उकडून खातात.

पण मला या फुलात सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो, कडेची फुलं वांझ, नुसती किडे बोलवायला, आणि मधली कामाची. या मधल्या ताज्या उमललेल्या फुलाला गवताच्या काडीने हलकेच शिवून बघा, पुंकेसरांचे तंतू स्पर्शाने आखडतात, त्यांची नळी खाली ओढली जाते आणि आतल्या परागकणांचा पांढुरका थेंबभर लगदा टोकातून वर येतो, डोळ्यांदेखत! मधमाशी बसली की हेच होतं, पराग थेट तिच्या अंगाला. नॅपवीडच्या इतर बऱ्याच जातींमध्येही हे दिसतं.

एक सांगतो, नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून नॅपवीडची जात सांगणं फार अवघड, तुर्कस्तानातच त्यांच्या दीडशेच्या वर जाती आहेत. ओळख पटते ती त्या खवल्यांच्या टोकांवरून, कुठे झालर असते, कुठे काटा, कुठे दोन्ही. म्हणून फुलाखालचा भाग दिसेल असा बाजूने काढलेला फोटो असेल तर पाठवा, नक्की सांगता येईल. आणि उपटून आणू नका प्लीज, फोटो पुरतो.