वाचकांचे प्रश्न: श्रद्धा, कट्टरता आणि पोलीस ठाण्याची पायरी

प्रश्न : मी रोज अंबाबाईच्या दर्शनाला जातो, उपासतापास करतो. हिंदू कट्टरतेवर टीका झाली की ती माझ्याच श्रद्धेवर होतेय असं वाटतं. (शिवाजी पेठ)

उत्तर : तुमचा उपास तुम्ही मोडलात तर जाब विचारायला कुणी येत नाही. हिंदूने काय खावं, कुणाशी लग्न करावं, कुणाकडून फळं घ्यावीत हे दुसराच कुणी ठरवू लागला आणि न ऐकणाऱ्याला धर्मद्रोही म्हणू लागला, की ती कट्टरता. तिचा पहिला फटका बहुतेकदा घरातच बसतो. 1899 मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित शाहू महाराजांसाठी वेदातले नव्हे, पुराणातले (पुराणोक्त) मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी छत्रपती शूद्र. पुढे राजोपाध्यांनीही वेदोक्त विधी करायला नकार दिला. गादीवरच्या राजाची ही गत, तर बाकीच्यांचं काय! कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. शिवाजी महाराज रयतेचे राजे होते, हे ते गावोगाव सांगत असत.

प्रश्न : मंडळाच्या ग्रुपवर ‘अमुक धर्माच्या लोकांना धडा शिकवायला उद्या चौकात जमा’ असा मेसेज आलाय. काय करू? (राजारामपुरी)

उत्तर : वाट पाहू नका. 7 जून 2023 ला कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरूनच बंदची हाक दिली गेली, जमाव जमला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस ठेवणारे वेगळे आणि दगड खाणारे वेगळे, हे अशा वेळी ठरलेलं. 14 जुलै 2024 ला वाद विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा होता. घरं फुटली ती गडाखालच्या गजापुरात.

जमाव जमण्याची वेळ जवळ असेल तर आधी पोलिसांच्या 112 नंबरला फोन. मग पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन नसला की तिथे घोळ होतो. निषेध म्हणूनही तो मेसेज पुढे ढकलू नका. पसरवणाऱ्यांत तुमचंच नाव येईल.

तक्रार लेखी, दोन प्रतींत; एकीवर शिक्का मारून पोच घ्या. भाषा कोरडी ठेवा: कुणी, कधी, कुठे, कोणते शब्द. धर्माच्या नावाने वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. प्रार्थनास्थळात केला तर पाच. त्यामुळे ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ यावर गप्प बसू नका. नकार मिळालाच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेट. ‘सरकारची मंजुरी लागते’ असंही ऐकवतात. ती कलम 217 खाली कोर्टाने दखल घेण्यासाठी लागते, एफआयआरसाठी नाही. मात्र अशी प्रकरणं अनेकदा तिथेच अडकतात, म्हणून मंजुरीच्या अर्जाचं काय झालं ते अधूनमधून लेखी विचारत राहा.

प्रश्न : बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे ना? मग ‘त्यांच्याकडून खरेदी करू नका’ असे फलक लावणाऱ्यांना तो लागू होत नाही का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. तो जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. फलकासाठी वर सांगितलेलं कलम 196 च. तुम्ही कुठून भाजी घ्यावी हा तुमचा प्रश्न. ‘अमुक धर्माच्या लोकांकडून घेऊ नका’ असं जाहीर चिथावणं वेगळं. फलक विनापरवाना असेल तर त्याचा फोटो, जागा आणि वेळ लिहून महापालिकेकडे वेगळी तक्रार द्या. तो उतरवायला पोलीस तपास संपायची गरज नसते.